नऊ मिलिमीटरचा शौक

"सर, या वयात आगगाडी?" स्टाफरूममध्ये दर सोमवारी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. मी रविवारी काय करतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही चौघे एका माडीवर जमतो आणि छोटी रेल्वे बांधतो. दुकानातलं खेळणं नव्हे, खऱ्या गाडीची मापं घेऊन, भागाकार करून केलेली. प्रश्न हसत येतो, म्हणून मीही हसतो. मध्यंतरी मात्र एका सहकाऱ्याने न हसता विचारलं, "आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांकडं वह्या नसतात आणि तुम्ही रुळांवर पैसे घालता. शोभतं का?" हे लागलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्यांना बार्शी लाइट समजावून सांगावी लागत नाही. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला, मग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. रुळांची रुंदी अडीच फूट. अब्बा आम्हाला कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरवून या लहान गाडीत बसवायचे. खाली उतरून पाणी पिऊन पुन्हा चढता येतं, इतकी ती संथ, असं लोक म्हणायचे. मी कधी करून पाहिलं नाही, अब्बांचा हात भारी होता. आता तिथं ब्रॉडगेज आहे, प्रवास लवकर होतो, तक्रार काहीच नाही. पण ती गाडी डोक्यातून गेली नाही.

पुढे शाळेची सहल घेऊन पुण्याला गेलो. कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. खोलीत अंधार केला, इवल्या घरांत दिवे लागले आणि गाड्या धावू लागल्या. मुलं ओरडत होती. मी गप्प होतो. परतीच्या बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर ८.७६. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ते खरं म्हणजे १६० पट लहान गाड्यांसाठी असतात, पण युरोपातले शौकीन आपल्या डोंगरी गाड्यांसाठी तेच वापरतात. ब्रॉडगेज करायची तर पंचाईत होते. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा, तो ८७ पटीने १९.२६ येतो आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा, कारण तो तिकडच्या १४३५ मिलिमीटरच्या रेल्वेसाठी बनलेला. म्हणजे आमच्या दुर्लक्षित छोट्या गाडीला तयार रूळ आहे आणि राजधानी एक्स्प्रेसला नाही. या गोष्टीचा मला अजूनही आनंद होतो.

पाव मिलिमीटरचा फरक उरतोच. मी म्हणालो, कुणाला दिसणार? आमच्यातले घड्याळवाले चाचा म्हणाले, "सर, पाव मिलिमीटर में घडी बंद पडती." मोबाइल आले, लोकांनी मनगटाकडं बघणं सोडलं आणि चाचांचं दुकान बसलं. डोळ्याला लावायचं भिंग तेवढं खिशात राहिलं. तिसरे एक निवृत्त रेल्वे गार्ड, माडी त्यांचीच. चौथा एक इलेक्ट्रिशियन, सगळ्यांत तरुण. तो आमच्यावर वैतागलेला असतो. आमच्यातलं कुणीही वायर उलटी जोडतं.

पैशाबद्दल सरळ सांगतो. परदेशी इंजिनं महाग असतात आणि ती आम्ही घेत नाही. एका जुन्या छोट्या इंजिनाचा सांगाडा आणि मोटर मिळवली, त्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्याचा साज चढवतो आहोत. डोंगर थर्माकोलचे. जमीन वापरलेल्या चहापत्तीची, धुऊन वाळवून चाळलेली. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. तिच्यावर पाणी घातलेलं फेविकॉल सोडायचं आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. तो नसेल तर थेंब वाळूवर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही. हे समजायला आमचे तीन रविवार गेले. रमजानमध्ये काम बंद. उपाशीपोटी हात थरथरतो आणि सोल्डर नको तिथं सांडतं.

आपल्याकडं पुरुष एकत्र येतात ते लग्नात, जनाज्यात, नाहीतर हॉटेलात. समोरासमोर बसतात आणि दहा मिनिटांत देशाचा विषय निघतो. मग एकाला सगळ्या कौमच्या वतीनं उत्तर द्यावं लागतं. माडीवर आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि सगळ्यांची नजर रुळावर असते. भांडणं होतात, पुष्कळ होतात, पण ती फूटपट्टीनं मिटतात. उर्दूत दोघांचं जमलं की 'पटरी बैठ गई' म्हणतात. भाषा शिकवताना हा वाक्प्रचार मी वीस वर्षं फळ्यावर लिहिला, त्यासाठी पटरीला आधी किती वेळा उखडून पुन्हा ठोकावं लागतं ते इथं कळलं. गावातली हवा तापलेली असतानाचा एक रविवार आठवतो. जावं की नाही, घरात खल चालला होता. गार्डसाहेबांचा फोन आला, "सर, येताय ना? फेविकॉल वाळतंय." गेलो.

एकदाच प्रश्न नाजूक झाला. प्लॅटफॉर्मवर माणसं हवीत, असं गार्डसाहेब म्हणाले. दोन-दोन सेंटिमीटरचे प्रवासी, हमाल, चहावाला. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग मला हळूच म्हणाले, "सर, बाकडे मैं बनाता, आदमी नक्को." हजरत आयेशांच्या बाहुल्यांची आणि पंखवाल्या घोड्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे, ती मला माहीत आहे. चाचांनाही माहीत असणार. मी वाद घातला नाही. प्रत्येक गोष्ट जिंकायची नसते. चाचांनी सहा बाकडी केली, इतकी सुबक की त्यांवर माणसं बसवायला गार्डसाहेबांनाच जीव होईना. ती त्यांनी उभी केली.

आता सहकाऱ्याचा प्रश्न. आठवीतल्या एका मुलाला मी माडीवर नेलं. मराठी शुद्धलेखनात तो हटकून नापास होतो. शाळा सुटली की मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. आमचा रूळ गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळत होता आणि गाडी तिथं गेली की शॉर्ट. कारण साधं आहे. उजवा रूळ वळून डाव्याला चिकटतो, एकात धन, दुसऱ्यात ऋण. आमचा इलेक्ट्रिशियन त्या दिवशी आला नव्हता. पोरानं पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा, आतल्या तुकड्याला वेगळी वायर द्या, मध्ये उलटसुलट करायचा स्विच टाका." तेच करायचं असतं. दुकानात तो हेच करतो, पण तिथं त्याला कुणी 'वा' म्हणत नाही.

पालकांना पटवायचं तर अमेरिकेतल्या एमआयटीचं उदाहरण आहे. तिथं १९४६ पासून मॉडेल रेल्वेचा क्लब आहे आणि सिग्नलच्या तारा जोडता जोडता त्यातली मुलं कॉम्प्युटरकडं वळली. मी हे सांगतो, पण मला ते सांगणं आवडत नाही. आपल्या मुलांच्या प्रत्येक आवडीला नोकरीचा दाखला का लागावा? त्या मुलाला वह्या हव्यात, त्या मी देतो, इतरांनीही द्याव्यात. पण त्याच्या हाताचं कौतुक होईल अशी एक खोलीही त्याला हवी, आणि ती वह्यांच्या बदल्यात मागायची नाही. तो अजून शुद्धलेखनात नापासच आहे.

रेल्वे कुणी बांधली, असं विचारलं की वर्ग एका सुरात "इंग्रजांनी" म्हणतो. मग मी नेरळ-माथेरान काढतो. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती १९०४ ते १९०७ या काळात बांधून काढली. दोन फुटी रूळ, आमच्या मापात सात मिलिमीटर. ते तयार मिळत नाहीत, स्वतः बनवावे लागतील. चाचांनी हे ऐकून भिंग पुसायला घेतलं, म्हणजे लक्षण ठीक नाही.

या रविवारी प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ बसवायचं आहे. तबकडी सात मिलिमीटरची आणि चाचा म्हणतात काटे फिरणार. गार्डसाहेबांनी विचारलं, "खऱ्या वेळेनं की आपल्या गाडीच्या वेळेनं?" त्यावर अजून एकमत झालेलं नाही.