सहा पाउच आणि एक गुडघ्याचा पट्टा



दिवाळी झाली की आमच्या बिबवेवाडीत यात्रांचे बेत सुरू होतात. कोणी पालिताणा, कोणी शंखेश्वर, कोणी शिखरजी. गंगाधामच्या बाजूला संध्याकाळी फिरायला गेलं की बाकावरच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो : बॅग भरली का? आणि हल्ली त्याला जोडून दुसरा : ते पाउच घेतले का?

पाउच म्हणजे सुटकेसमध्ये कपडे वेगवेगळे ठेवायच्या चेनच्या चौकोनी पिशव्या. सहाचा संच मिळतो. वर जाळी असते, म्हणजे आतलं दिसतं. काहींना दुसरी चेन असते, ती ओढली की कपडे दाबले जाऊन कमी जागेत बसतात. माझ्या सुनेने मला असा संच आणून दिला तेव्हा मी म्हटलं, "अगं, आम्ही गाठोड्यात कपडे बांधून समेतशिखर केलंय." ती हसली. "मम्मी, एकदा वापरून तर बघा."

वापरले. आज त्याबद्दल माझं मत सांगते. मत कडू-गोड आहे.

आधी गोड. पाउच खरंच उपयोगी आहेत. यात्रेत आपल्या कपड्यांचे प्रकार फार. पूजेचे कपडे वेगळे, ते इतर कपड्यांना लागू द्यायचे नाहीत. सामायिकाचं कटासणं, चरवळा, मुहपत्ती वेगळी. रोजचे वेगळे, धुवायचे वेगळे. पूर्वी सासूबाई यासाठी जुन्या सुती साड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवत. पूजेची पांढरी, वापरलेल्या कपड्यांची रंगीत. म्हणजे ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही, फक्त तिला चेन लागली. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे मला तर हा प्रकार खतावणीसारखाच वाटला. प्रत्येक पाउच म्हणजे एक खातं, नोंद आपापल्या खात्यात.

आता कडू. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघं शिखरजीला गेलो. विमानाने रांची, पुढे गाडीने मधुबन. दाबायचे पाउच असल्यामुळे बॅगेत जागाच जागा उरली. मग एक शाल जास्त, दोन साड्या जास्त, "असू दे" म्हणून आणखी एक स्वेटर. विमानतळावर काट्यावर बॅग ठेवली, तर १५ किलोची मर्यादा आणि आमची भरली १९. पाउच जागा कमी करतो, वजन नाही, हे इतकं साधं गणित मी विसरले. रांगेतल्या लोकांसमोर बॅग उघडून चार किलो सामान हातातल्या पिशवीत कोंबलं.

पण ती तर नुसती फजिती. खरं पुढेच आहे.

शिखरजीचा डोंगर ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. ९ किलोमीटर चढ, वर टोंका-टोंकांतून ९ आणि उतार ९, असे २७ किलोमीटर. २० तीर्थंकरांची निर्वाणभूमी. पहाटे तीनला निघायचं ठरलं होतं, कारण तिकडे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आम्हा दोघांचाही चौविहार. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. यांचा तर तो नियम २२ वर्षांचा.

अडीचला उठलो. यांना गुडघ्याचा पट्टा हवा होता. मी औषधांचा पाउच उघडला, त्यात नाही. मोज्यांचा उघडला, त्यात नाही. सहाही पाउच एकाच गडद निळ्या रंगाचे, खोलीतला दिवा मिणमिणता. एकेक चेन उघडत, दाबलेले कपडे फुगून पलंगभर पसरत गेले. शेवटी पट्टा सापडला तो स्वेटरांच्या पाउचमध्ये. तो कापडी, म्हणून मीच त्याला गरम कपड्यांत टाकला होता. नोंद चुकीच्या खात्यात! सगळं पुन्हा भरून निघेपर्यंत सव्वाचार वाजले.

डोंगरावर आम्ही काही खात नाही. दर्शन सुंदर झालं. पार्श्वनाथांच्या टोंकेवर दोघांचे डोळे भरून आले. पण यांचा गुडघा उतारावर बोलायला लागला आणि खाली पोचेपर्यंत अंधार पडला. मी उपवास धरला. यांना मधुमेह आहे, हात थरथरायला लागले होते. त्यांना खावं लागलं. एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या ताटाला हात जोडले आणि खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून महाराजसाहेबांकडून प्रायश्चित्त घेतलं. २२ वर्षांत तो एकच दिवस. सगळा दोष त्या सव्वा तासाचा नसेल, गुडघ्याचाही असेल. पण तो सव्वा तास माझा होता.

त्यानंतर मी खूप विचार केला. चूक पाउचची नव्हती. मी वस्तू जातीप्रमाणे लावल्या, वेळेप्रमाणे नाही. कपाटात जातीप्रमाणे लावणं बरोबर, कारण तिथे आपण राहतो. प्रवासात आपण वेळेप्रमाणे जगतो. म्हणून आता माझा एक पाउच "डोंगराचा" असतो. चढताना लागणारं सगळं त्यातच : पट्टा, मोजे, मफलर, बॅटरी. तो आदल्या रात्री उशाशी. दुसरा "पूजेचा", तिसरा "मुक्कामाचा". आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाडी बांधलेली, अंधारात कळावी म्हणून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या १४ नियमांत "वत्थ" हा एक नियम आहे. आज किती वस्त्रं वापरीन, ते सकाळीच ठरवायचं. मी वर्षानुवर्षं हा नियम धारते, पण बॅग भरताना तो मला आठवला नाही. पाउचने जागा दिली आणि मी ती भरली. जागा आहे म्हणून वस्तू घेणं हाच तर परिग्रह. आता मी आधी वहीत आकडा लिहिते, मग बॅग काढते. आठ दिवसांना चार जोड पुरतात, रोज एक धुवायचा. दाबायची चेन फक्त स्वेटरसाठी. रेशमी साडी तर दाबूच नये, घडीवर कायमची रेघ पडते. आणि ओलसर कपडा पाउचमध्ये कधीच कोंडायचा नाही. त्यात बुरशी धरते, जीवोत्पत्ती होते. डांबराच्या गोळ्यांनी जीव मारण्यापेक्षा कपडे नीट वाळवून ठेवले की झालं.

आपल्या साध्वीजींना विहाराला निघताना पाहिलंय ना? जे काही आहे ते खांद्यावर. तरी सकाळ-संध्याकाळ एकेक वस्त्र उलगडून पडिलेहण करतात. त्यांना कोणत्या घडीत काय आहे हे शोधावं लागत नाही, कारण दिवसातून दोनदा त्यांचा हात प्रत्येक वस्तूवरून फिरतो. नीटनेटकेपणा पिशवीने येत नाही, तो असा येतो. आपण श्राविका, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण मुक्कामाला पोचल्यावर एकदा सगळे पाउच उघडून, पाहून, पुन्हा लावणं नक्की जमेल. मला दहा मिनिटं लागतात.

तेव्हा पाउच घ्यावेत का? घ्या. पण सहा नको, तीन. जुनी सुती साडी घरात असेल तर शिवून घ्या, त्याहून चांगलं. आणि जो पाउच रिकामा राहील तो रिकामाच घरी ठेवा.

येत्या पौषात आम्ही पुन्हा शिखरजीला जातोय. यांनी स्वतःच विषय काढला. वहीत आकडा लिहून झालाय. पट्टा कुठे ठेवलाय ते आता दोघांनाही माहीत आहे.

यात काही जिनाज्ञेविरुद्ध लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.