टिंकरिंग लॅबमधला रोबो नक्की कुणासाठी?

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत 50 हजार अटल टिंकरिंग लॅब उभारणार, अशी घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. स्वागतच आहे. पण आधीच्या लॅबमध्ये काय चाललंय तेही बघा. आमच्या भागातल्या दोन शाळांत मी बघितलं (नावं घेत नाही). काळ्या पट्टीवरून धावणारा रोबो. पाहुणे आले की कपाटातून बाहेर, फोटो झाला की परत कुलूप.

पोरं कमी पडत नाहीत. त्यांना दिलेला प्रश्नच गावातला नाही.

या सुट्टीत गल्लीतली पाच पोरं घेऊन आम्ही 'बोलका डबा' केला. आत जुना रास्पबेरी पाय 3. हा वहीच्या अर्ध्या पानापेक्षाही लहान कॉम्प्युटर, मोबाईलसारख्या चार्जरवर चालतो आणि त्याला स्पीकरची पिन थेट बसते. वरून इलेक्ट्रिकच्या दुकानातला स्विचबोर्डचा लाकडी डबा आणि दारावरच्या बेलची चार बटणं. बटणाची एक वायर कॉम्प्युटरच्या पिनेला, दुसरी ग्राउंडला. पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम. बस्स.

पहिलं बटण दाबलं की आजी अहिराणीत कोडं घालते. बाकी तीन बटणांवर चित्रं. बरोबर दाबलं तर शाबासकी, चुकलं तर आजी हसते आणि अजून एक खूण सांगते.

खरं काम वायरिंगचं नव्हतंच. कोडी गोळा करायला पोरं घरोघर फिरली. एरवी "कथा जाई ऱ्हायना" म्हटलं की "शुद्ध बोल" असं ऐकणारी ही पोरं. आता तीच म्हाताऱ्या माणसांना "परत एकदा सांगा, नीट रेकॉर्ड झालं नाही" म्हणत होती. घरची बोली पहिल्यांदाच कामाची ठरली.

अडचणही गावचीच आली. लाईट अचानक गेली की मेमरी कार्डावरचा डेटा बिघडतो. मग सेटिंगमध्ये जाऊन चालू असताना कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय केली. आता लाईट कितीही वेळा जाऊ दे. हे शिक्षण रेडीमेड किटमधून मिळत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय. टिंकरिंग लॅबसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आहे: 10 लाख उभारणीला, 10 लाख पाच वर्षांच्या खर्चाला. म्हणजे धोरण आहे, पैसाही आहे. या दोन गोष्टींची गाठ मात्र कुणी घालून देत नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आई-बापांना माझं सांगणं आहे. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: या वर्षी लॅबमध्ये बनलेली कोणती वस्तू गावात वापरात आहे? अंगणवाडीत बोलका डबा ठेवता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत बटण दाबलं की सूचना बोलून दाखवणारा फलक करता येईल. सहावी ते बारावीची पोरं हे करू शकतात.

"तोडतील हो," असं कुणीतरी म्हणणारच. तोडू देत. ज्यांनी बनवलाय तेच दुरुस्त करतील. कपाटातला रोबो कधी मोडत नाही, कारण त्याला कुणी हातच लावत नाही.

तुमच्या गावात लॅब असेल तर तिथे काय बनतं ते कमेंटमध्ये सांगा. चांगलं असेल तर आवर्जून सांगा.