शेजवान आणि सिचुआन

आमच्या सुशिक्षित वर्गास अलीकडे एक चमत्कारिक खोड जडली आहे. परदेशांतील पदार्थाचें नांव उचलावयाचें, त्यांत आपल्या आवडीचा माल भरावयाचा, आणि पुढें मूळ पदार्थ समोर आला कीं 'हें कांहीं खरें नव्हे' म्हणून नाक मुरडावयाचें! ही खोड आम्हीं चीनमधील चेंगदू शहरीं प्रत्यक्ष पाहिली, म्हणून हा लेखप्रपंच.

चेंगदू ही सिचुआन प्रांताची राजधानी. २०१० सालीं युनेस्कोनें पाककलेसाठीं गौरविलेलें हें शहर. तेथील एका खाणावळींत आम्ही पुण्यामुंबईकडील चार मंडळी एका संध्याकाळीं गेलों. गोल मेजांभोवतीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत कुटुंबेंच्या कुटुंबें बसलेलीं. मधल्या थाळ्यांतून सर्वांच्या काड्या फिरत आहेत, वाढपी हांका मारीत आहेत, हास्याचा कल्लोळ चालला आहे. आमच्यांतील एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "काय हा रानटी गोंगाट!" मग त्यांनीं दुभाष्यामार्फत 'शेजवान राइस' मागविला. वाढपी बिचारा गोंधळला. त्यावर गृहस्थांचा अभिप्राय असा कीं, या लोकांस आपलाच पदार्थ ठाऊक नाहीं!

वस्तुतः 'शेजवान' हें सिचुआनच्या जुन्या इंग्रजी लेखनावरून आलेलें रूप. आमच्याकडील त्या नांवाची चटणी लसूण व लाल मिरच्यांची. सिचुआनी पाकाचा प्राण जो 'ह्वाजियाओ', त्याचा तींत बहुधा मागमूसही नसतो. तें फळ जिभेस झिणझिण्या आणतें. 'मा' म्हणजे बधिर, 'ला' म्हणजे तिखट. दोहोंच्या संयोगास तेथें 'माला' म्हणतात. गंमत अशी कीं, ह्वाजियाओ हें आमच्या कोंकणांतील तिरफळाचेंच भावंड. बांगड्याच्या आमटींत तिरफळ घालणाऱ्या आजीस चेंगदूच्या मापो तोफूची ओळख पहिल्याच घांसांत पटली असती. तिच्या पदवीधर नातवास मात्र ती पटूं नये, यास काय म्हणावें?

कोणी म्हणेल, पदार्थ देशांतर करितात व बदलतात, त्यांत वावगें काय? कांहींच नाहीं. मिरची स्वतःच अमेरिकेंतून आलेली. तिच्यावांचून आज ना सिचुआनचें पान हलतें, ना वऱ्हाडचें. मुंबईच्या शेजवानाशीं आमचें वैर नाहीं. तें आपल्या जागीं चवदार आहे. आमचा विरोध आहे तो नकलेच्या मापानें अस्सलास मोजण्यास.

राहिला गोंगाट. चिनी भाषेंत 'रनाव' असा एक शब्द आहे. अक्षरशः अर्थ 'ऊन आणि गलबला'. व्यवहारांत अर्थ माणसांची आनंदी गजबज. ती नसलेली खाणावळ त्या लोकांस ओकीओकी वाटते. आमच्या पंगतींतही श्लोक म्हटले जात, आग्रहाच्या आरोळ्या उठत, हंशा पिके. त्या पंगतीस रानटी म्हणण्याचें धैर्य आमच्या मित्रांस होईल काय? भोजनसमयीं मौनाची आज्ञा आमच्या शास्त्रांतही आहे, हें खरें. परंतु आमच्या मित्रांचें मौन शास्त्रांतून आलेलें नसून साहेबाच्या मेजावरून आलेलें आहे.

त्या रात्रीं ते नुसता पांढरा भात खाऊन उठले, आणि घरीं परतल्यावर 'चीनमध्यें चांगलें चिनी जेवण मिळत नाहीं' असें सांगूं लागले. वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, परक्या पानावर बसतांना आपलें मत घटकाभर बाजूस ठेवावें. आधीं घांस घ्यावा, निकाल मागाहून द्यावा.