पडद्यावरचं विद्यापीठ आणि आपली भावयात्रा



घरी बसून पदवी घेणं आता नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, सरकारचं ‘स्वयम्’ 2017 पासून. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या कितीतरी सुनांना त्यांचा आधार आहे. पण ऑनलाइन तासाची एक अडचण आहे. सर पडद्यावर बोलत राहतात, इकडे कणीक मळून होते आणि डोक्यात काहीच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून आभासी जग आणायचं म्हणतात. पडद्यावरच्या वर्गात शिरायचं, फिरायचं, वस्तू हाताळायच्या, सोबतच्यांशी बोलायचं. काहींना हा पोरखेळ वाटतो. मला नाही वाटत.

आपल्याला ही कल्पना परकी नाहीच. पालिताण्याला जाणं जमत नाही ते कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. डोंगर कापडावरचा, पण मन पायरी पायरी चढतं. समवसरणाची रचना एकदा पाहिली की बारा सभा लहान मूलही सांगतं. नुसत्या वाचनाने तसं होत नाही.

अहिंसेचा मुद्दा तर आपला स्वतःचाच. बेडूक कापावा लागेल म्हणून आपल्या किती मुलींनी जीवशास्त्र सोडलं! विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातून ते बंद करायला सांगितलं. आता ते संगणकावर शिकता येतं. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’साठी आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी अशा संस्थांनी प्रयोग तयार केलेत, तेही मोफत. चुकलं तर पुन्हा करा. ना जीव जातो, ना काचसामान फुटतं.

पण नुसत्या झगमगाटाने शिक्षण होत नाही. 2003 मध्ये ‘सेकंड लाइफ’ नावाचं आभासी जग आलं. परदेशातल्या अनेक विद्यापीठांनी तिथे देखण्या इमारती उभारल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच ओस पडल्या. इमारत होती, पण तिथे रोज जाण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. मी आभासी वर्गालाही हीच फूटपट्टी लावीन. तिथे शंका विचारता येते का? विचार करायला उसंत मिळते का? उजळणी होते का? दुसऱ्याला समजावून सांगता येतं का?

आमच्या पडेगावहून वेरूळ जवळ. तिथली 30 ते 34 क्रमांकांची लेणी आपली. दूरच्या गावी घरून इतिहास शिकणाऱ्या मुलीला पडद्यावर इंद्रसभेत जरूर फिरवा. मात्र नुसतं फिरवून सोडू नका. बाहुबली आणि पार्श्वनाथ समोरासमोर का कोरले, हे तिला शोधायला लावा, मैत्रिणींशी वाद घालू द्या. तेव्हा ते लेणं तिचं होईल.

आणखी एक. हे सगळं महागड्या चष्म्यावरच चालणार असेल, तर ते आपल्या सुनांपर्यंत पोचणारच नाही. घरातल्या साध्या फोनवर चाललं पाहिजे. तासाची वेळही चौविहाराच्या गडबडीतली नको. दुपारी, सगळं आवरल्यावर शिरता आलं पाहिजे. आणि त्या तासाला घरातल्यांनी तिला चहासाठी हाक मारू नये, एवढं तर आपल्याच हातात आहे. आपण सासवा आहोत, सुरुवात आपणच करूया.