‘अनटेस्टेड’ नावाची झाकली मूठ

जुन्या मॉडेल ट्रेनच्या ऑनलाइन बाजारातला सगळ्यात खोटा शब्द ‘रेअर’ नाही. ‘रेअर’ला आता कुणी फसत नाही. हॉर्नबीचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ कित्येक दशकं पुन्हा पुन्हा बनत आलंय. तरी रोज कुणीतरी ते ‘रेअर’ म्हणून विकायला काढतं आणि आपण हसून पुढे स्क्रोल करतो. सगळ्यात खोटा शब्द आहे ‘अनटेस्टेड’. कारण तो दिसतो प्रामाणिक.

हा छंद नसलेल्यांसाठी थोडक्यात. पुण्यातलं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं असेल, तर अशा गाड्या तुम्ही पाहिल्या आहेत. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ गाड्या त्याच रुळांवर धावतात, पण त्यांचं प्रमाण १:७६. वाफेचं एखादं मोठं इंजिन नवीन घ्यायला गेलात, तर आज सहज २०० पौंडांच्या पुढे जातं. ईएमआय आणि घरभाडं भरून उरलेल्या पगारात ज्यांना हा छंद करायचाय, त्यांच्यासाठी जुना माल हाच एकमेव दरवाजा आहे. माझी इंजिनं इंग्लंडमधल्या मामेभावाच्या पत्त्यावर उतरतात आणि वर्षातून एकदा त्याच्या बॅगेतून पुण्यात येतात. घेण्याआधी वस्तू माझ्या हातात येतच नाही. हातात असतात चार फोटो आणि विक्रेत्याचा शब्द.

आणि तो शब्द असतो ‘अनटेस्टेड’.

आता टेस्ट करायला काय लागतं ते बघा. साधं डीसी इंजिन उलटं धरायचं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यायची, तिला दोन वायरी जोडायच्या. एक डाव्या चाकाला टेकवायची, दुसरी उजव्या. मोटर ठीक असेल तर चाकं फिरतात. वायरी अदलाबदल केल्या की उलटी फिरतात. दहा सेकंदांचं काम. रूळ नको, कंट्रोलर नको, ज्ञान तर अजिबात नको. मार्कलिनच्या तीन-रुळी इंजिनाला चाकांऐवजी पोटाखालच्या पट्टीला एक वायर लावावी लागते.

मध्यंतरी एका विक्रेत्याला मी ही कृती नीट लिहून पाठवली. उत्तर आलं, ‘आमच्याकडे तपासायचं साहित्य नाही.’ त्याच लॉटच्या तिसऱ्या फोटोत, इंजिनाच्या शेजारी, वायरीसकट कंट्रोलर ठेवलेला होता. तोही ‘अनटेस्टेड’.

आपल्याकडे मडकं घेतानासुद्धा वाजवून घेतात. रस्त्यावर जुना मिक्सर विकणारा माणूस शेजारच्या टपरीवरून वायर ओढून तो फिरवून दाखवतो, कारण नाही दाखवला तर गिऱ्हाईक उठून जाणार हे त्याला माहीत असतं. ऑनलाइन गिऱ्हाईक उठून जात नाही. ते आशा करतं. ‘कदाचित चालू असेल’ या आशेचे पैसे विक्रेता वसूल करतो. चालू इंजिनाला ६० पौंड येत असतील तर ‘अनटेस्टेड’ला तो ५० मागतो, बंद इंजिनाचे २० मागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती याच अर्थाने.

‘आम्ही वारलेल्या माणसांची घरं रिकामी करतो, आम्हाला ट्रेनमधलं कळत नाही,’ असं बरेच विक्रेते म्हणतात. काही खरंच तसे असतात, आणि आजोबांचा पेटारा विकणाऱ्या नातवाशी माझं भांडण नाही. त्याने तेवढंच लिहावं, चाकांचा खालून फोटो द्यावा आणि तशी किंमत लावावी. पण ज्याच्या दुकानात शेकडो इंजिनं विकून झालीत, जो मॉडेल नंबर अचूक लिहितो, ‘डीसीसी रेडी’ आणि ‘डीसीसी फिटेड’ यांत फरक करतो (पहिल्यात चिप बसवायची फक्त सोय असते, दुसऱ्यात चिप असते), त्याला चाक फिरतं का तेवढंच कळत नाही? माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं.

हे माहीत करून न घेणं फायद्याचं आहे, म्हणूनच ते टिकलंय. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. पण वर्णनच ‘तपासलेलं नाही’ असं असेल, तर तक्रार कशाची करणार? गंमत म्हणजे ईबेच्याच व्याख्येत ‘वापरलेली’ वस्तू म्हणजे पूर्ण चालू स्थितीतली वस्तू. न चालणाऱ्यांसाठी ‘सुट्या भागांसाठी’ असा वेगळा वर्ग आहे. म्हणजे ‘वापरलेली, अनटेस्टेड’ हे वर्णन स्वतःलाच खोडून काढतं, आणि तरी ते हजारोंनी तिथे आहे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एक ड्रॉपडाउन आणि एक अट, एवढ्यात हा विषय संपतो. तो संपत नाही, कारण विक्रीवर कमिशन मिळतं, खरेपणावर नाही.

यात खरा मार कोण खातो? चांगला विक्रेता. जो इंजिन उघडतो, वाळलेलं ग्रीस काढतो, चाकं पुसतो, चालतानाचा व्हिडिओ टाकतो. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं: गिऱ्हाईकाला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही, तर तो सगळ्याला मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते निघून जातात आणि मागे भंगार उरतं. २००१ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्याला अजून अक्कल आलेली नाही.

याच शब्दाचा एक श्रीमंत भाऊ आहे: ‘कधीच चालवलेलं नाही, डब्यात बंद’. संग्राहक त्यासाठी दुप्पट मोजतात. पण तीस वर्षं डब्यात पडलेल्या इंजिनाचं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, प्लास्टिकचे गिअर चिरतात. जस्ताच्या जुन्या ओतकामात शिसं मिसळलेलं असेल, तर ते फुगून आतल्या आत भुगा होतं, आणि त्यावर इलाज नाही. डब्याची कडा शाबूत आहे हे फोटोत दिसतं. आतलं इंजिन जिवंत आहे का, ते दिसत नाही. ‘कधीच चालवलेलं नाही’ म्हणजे इस्त्री केलेलं ‘अनटेस्टेड’च.

बाजार चालवणारे हे बदलणार नाहीत, म्हणून आपण बदलायचं. ‘अनटेस्टेड’ वाचलं की ‘बंद’ असं वाचा आणि बंद इंजिनाचीच किंमत लावा, एक पौंड जास्त नाही. बोली लावण्याआधी बॅटरीची कृती पाठवा आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. व्हिडिओ देणाऱ्याकडून पाच पौंड महाग पडलं तरी त्याच्याकडूनच घ्या आणि रिव्ह्यूमध्ये कारण लिहा. आणि तुम्ही स्वतः विकायला काढाल, तेव्हा चालत नसेल तर ‘चालत नाही’ असं लिहा. बंद इंजिनालाही गिऱ्हाईक असतं. मी स्वतः मोटर आणि चाकांसाठी अशी इंजिनं आनंदाने घेतो. फक्त काय घेतोय ते घेण्याआधी कळावं, एवढीच माझी मागणी आहे.