एकटीचा संप

तयार कपड्यांच्या कारखानदारांची एक तक्रार नेहमीची असते : ‘बायका टिकत नाहीत. हात जरा बसला की शेजारच्या कारखान्यात जातात.’ तक्रार खोटी नाही. पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

बंगळूरचेच उदाहरण घ्या. पीण्या, म्हैसूर रस्ता, बोम्मसंद्र या भागांतल्या कारखान्यांत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जातात. शिवणारे हात बहुतांशी बायकांचे. एकीने कॉलर लावायची, दुसरीने बाही. तासाचे टार्गेट ठरलेले. पगार मात्र सरकारी किमान वेतनाच्या आसपासच घोटाळतो. त्यामुळे दहा वर्षे मशीनवर बसलेली आणि दोन वर्षांपूर्वी आलेली यांच्या पगारात फारसे अंतर पडत नाही. थांबण्याला मोलच नसेल, तर तिने थांबावे कशासाठी?

दुसरे कारण प्रॉव्हिडंट फंडाचे. अनेकींची तीच एकमेव शिल्लक. नोकरीत असताना ती काढण्यावर बंधने. सोडून दोन महिने बेकार राहिले की सगळी रक्कम हाती येई, असा नियम वर्षानुवर्षे होता. मुलीचे लग्न असो की घरातले आजारपण, राजीनामा हीच त्या तिजोरीची किल्ली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवणारा नियम काढला. त्या एप्रिलच्या १८ आणि १९ तारखांना याच बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याची हाक नव्हती. १९ तारखेलाच सरकारने नियम मागे घेतला.

सोडून जाण्याची किंमतही तीच मोजत आली. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तीन वर्षांनी उठून गेलेलीच्या पदरात त्यातले काहीच पडले नाही. मालकाची तेवढी बचतच झाली. ‘टिकत नाहीत’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी हाही हिशेब मांडायला हवा.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९८२ मध्ये संप केला तो एकजुटीच्या बळावर. शिलाई कारखान्यांत संघटना दुबळ्या. अंगावर ओरडणाऱ्या सुपरवायझरला उत्तर द्यायचे, तर दुसऱ्या दिवशी कामावर न जाणे एवढेच तिच्या हाती उरते. हाही संपच आहे. फक्त तो एकटीचा असतो, म्हणून आपण त्याला ‘नोकरी बदलणे’ म्हणतो.

बायका टिकाव्यात असे खरेच वाटत असेल, तर उपाय गूढ नाहीत. वर्षागणिक वाढणारा पगार द्या, तान्ह्या मुलासाठी नीट चालणारे पाळणाघर द्या आणि माणसासारखे बोला. निष्ठेचा उपदेश त्यानंतर करा. कदाचित तो करण्याची वेळच येणार नाही.