उसन्या ध्वनींचे ऐश्वर्य

न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवरील तीन तरुणांनी, म्हणजे ‘डी ला सोल’ने, निर्माता प्रिन्स पॉलच्या साहाय्याने १९८९ साली सिद्ध केलेला ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा हिप-हॉप संग्रह पुनश्च ऐकताना प्रकर्षाने जाणवते ते हे की, त्यातील प्रश्नस्पर्धेची प्रहसने, ज्यांत उत्तर देणे अशक्य असेच प्रश्न विचारले जातात, ती गीतांमधील रिकाम्या जागा भरण्यासाठी योजलेली नसून, स्टीली डॅनच्या गाण्यापासून फ्रेंच भाषेच्या ध्वनिमुद्रित पाठापर्यंत नाना ध्वनिखंड सुखाने एकत्र नांदवणाऱ्या त्या विलक्षण सृष्टीचे प्रवेशद्वारच आहेत. ती वगळून हा संग्रह ऐकणे म्हणजे त्याचा अव्हेर करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ‘द टर्टल्स’ या बँडच्या सदस्यांनी आपल्या गाण्यातील ध्वनिखंड विनापरवाना वापरल्याची फिर्याद केली आणि ती न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटली, परंतु जुन्या करारनाम्यांत इंटरनेटवरील प्रसारणाची तरतूदच नसल्याने हा संग्रह तेथे दीर्घकाळ दुर्लभ राहिला. अखेर ३ मार्च २०२३ रोजी तो उपलब्ध झाला, तेव्हा तिघांपैकी एक, डेव्हिड जोलिकर, निवर्तून तीन आठवडेही लोटले नव्हते. मूळ रचनाकारास मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र काही क्षणांच्या ध्वनीपायी अवघी कलाकृती अडकून पडावी हे मला मान्य नाही, आणि अशा संग्रहांसाठी माफक, निश्चित दराचा परवाना कायद्यानेच उपलब्ध करून द्यावा.